टेक्नेशियम : एका मानवनिर्मित मूलद्रव्याचे गुणधर्म व उपयोग

प्रस्तावना

किरणोत्सर्ग हा शब्द ऐकताच सामान्य माणसाच्या मनात अणुबाँबचे चित्र उभे राहते. आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकसारख्या गावातील रुग्णाला 'बोन स्कॅन' सांगितले गेले, तर त्यास साधारणतः पुणे गाठावे लागते. आणि तेथे किरणोत्सर्गी औषध टोचणार हे कळताच कुटुंबीय धास्तावतात. हे औषध बहुधा टेक्नेशियमचे असते. प्रस्तुत लेखात या मूलद्रव्याचा परिचय करून दिला आहे.

शोध व गुणधर्म

आवर्त सारणीत मँगॅनिजच्या खालची जागा मेंडेलेव्ह यांनी रिकामी ठेवली होती. १९३७ मध्ये इटलीतील पालेर्मो येथे पेरिए व सेग्रे यांनी, बर्कली येथील सायक्लोट्रॉनमध्ये ड्यूटेरॉन कणांचा मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यातून हे मूलद्रव्य वेगळे केले. 'कृत्रिम' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास टेक्नेशियम हे नाव मिळाले.

त्याचा अणुक्रमांक ४३ असून तो रुपेरी-करडा धातू सुमारे २,१५७° से. तापमानास वितळतो. त्याचा एकही समस्थानिक स्थिर नाही. असे हे सर्वांत हलके मूलद्रव्य होय. टेक्नेशियम-९९ चे अर्धायुष्य सुमारे २ लाख ११ हजार वर्षे आहे, तर त्याच्याच मितस्थायी अवस्थेचे, म्हणजे टेक्नेशियम-९९एमचे, अवघे ६ तास.

वैद्यकीय उपयोग

टेक्नेशियम-९९एममधून १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण बाहेर पडतात. ते शरीराबाहेरील गॅमा कॅमेऱ्याने सहज टिपता येतात. शिवाय या मूलद्रव्याच्या अनेक संयुजा असल्याने ते निरनिराळ्या संयुगांशी जोडता येते. त्यानुसार ते हाडे, मूत्रपिंडे, हृदयाचे स्नायू अशा इष्ट ठिकाणी पोहोचते. क्ष-किरण प्रतिमेत अवयवाची रचना दिसते. येथे त्याचे कार्य दिसते. २४ तासांत चार अर्धायुष्ये उलटून मूळ किरणोत्सर्गाचा केवळ सोळावा भाग उरतो. काही अंश लघवीवाटेही निघून जात असल्याने शरीरात त्याहूनही कमी राहतो.

पुरवठ्याचा प्रश्न

सहा तासांत निम्मा होणारा पदार्थ साठवून ठेवता येत नाही. त्यावर जनरेटर हा उपाय आहे. त्यात ६६ तास अर्धायुष्य असलेले मॉलिब्डेनम-९९ ॲल्युमिनाच्या स्तंभावर धरून ठेवलेले असते. त्यापासून सतत टेक्नेशियम बनते व सलाइनच्या साहाय्याने ते धुऊन काढले जाते. इंग्रजीत या क्रियेस गाईचे दूध काढण्याची उपमा देतात. आपल्या दुधाच्या व्यवसायातील वाचकांस ती सहज पटेल. मात्र ही 'गाय' लवकर आटते : आठवड्याने मॉलिब्डेनम सुमारे १७ टक्केच उरते. म्हणून रुग्णालयांना वारंवार नवे जनरेटर लागतात.

याबाबत महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. तुर्भे येथे १९५६ मध्ये अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९६३ मध्ये परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. तुर्भ्याची ध्रुव अणुभट्टी (१९८५) समस्थानिकांच्या निर्मितीस उपयोगी पडली. असे पदार्थ रुग्णालयांस पुरविण्याचे काम १९८९ मध्ये स्थापन झालेले 'ब्रिट' हे मंडळ करते. अणुभट्टी थांबली तर रुग्णांची तपासणीही थांबते. मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुभट्टी सुमारे १५ महिने बंद राहिली, तेव्हा जगभर तुटवडा जाणवला.

निष्कर्ष

अल्प अर्धायुष्य हाच टेक्नेशियमचा गुण आणि हीच त्याची मर्यादा होय. त्यामुळेच ते रुग्णास सुरक्षित ठरते व त्यामुळेच अंतर व वेळ यांना महत्त्व येते. सकाळी ९ साठी तयार केलेली मात्रा दुपारी ३ ला निम्मीच उरते. दूरच्या गावातील रुग्णाने म्हणूनच दिलेली वेळ काटेकोरपणे पाळावी. गर्भवती व स्तनदा मातांनी तशी कल्पना डॉक्टरांना आधी द्यावी, आणि तपासणीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने भरपूर पाणी प्यावे. निराधार भीतीपोटी तपासणी टाळल्यास रोगाचे निदान लांबते. ते नुकसान या अल्प किरणोत्सर्गाहून कितीतरी मोठे असू शकते.