'सर्व्हर डाऊन' म्हणण्यापूर्वी...

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहात्यासारख्या तालुक्याच्या गावी पीककर्जाचे किंवा पीकविम्याचे दिवस आले, की सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागला, २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली, आणि शेतकऱ्याचे बरेचसे कागद इंटरनेटच्या वायरीवर अवलंबून राहू लागले. पेरूच्या बागेतले काम टाकून आलेला माणूस टेबलापर्यंत पोहोचतो आणि पलीकडून उत्तर येते, 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' पुष्कळदा ते खरेही असते. मात्र पान दूरच्या सर्व्हरमुळे अडले आहे की टेबलाखालून गेलेल्या वायरीमुळे, हे पडद्याकडे पाहून कळत नाही. दोन्ही वेळी गोल फिरणारे चिन्ह तेवढे दिसते. फरक सांगणारा हिशेब त्याच संगणकाच्या नेटवर्क कार्डात लिहिलेला असतो. तो उघडून पाहण्याची पद्धत मात्र फारशी रूढ नाही.

कार्यालयांतील संगणक वायरीने जोडण्याची जी 'इथरनेट' पद्धत आज सर्वत्र आहे, तिचा जन्म १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात झाला. या पद्धतीत माहिती सलग वाहत नाही. तिची लहान लहान पुडकी केली जातात. पुडके सर्वसाधारणपणे ६४ ते १५१८ बाइटचे असते आणि त्याच्या शेपटीला चार बाइटची एक पडताळणी-संख्या जोडलेली असते. पाठवणारे कार्ड आतील मजकुरावर गणित करून ही संख्या काढते, घेणारे कार्ड तेच गणित पुन्हा करते. उत्तर जुळले नाही तर पुडके सरळ फेकून दिले जाते. पाठवणाऱ्याला तसे कळवलेही जात नाही! फक्त कार्डाच्या खात्यात 'एरर' या सदरात एकाची भर पडते. पोच आली नाही हे काही वेळाने पाठवणाऱ्या संगणकाच्या लक्षात येते, तो पुडके पुन्हा पाठवतो आणि वाटेत गर्दी असावी असे समजून स्वतःचा वेगही कमी करतो.

दुखणे या शेवटच्या गोष्टीत आहे. शंभरात एक पुडके हरवले तर वेग शंभरात एकाने घटेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात जाऊन येण्यास ५० मिलिसेकंद लागत असतील आणि एक टक्का पुडकी गळत असतील, तर रूढ पद्धतीच्या एका जोडणीचा वेग सेकंदाला तीन मेगाबिटच्या आसपास अडकतो. मग कंपनीकडून शंभर मेगाबिटची जोडणी घेतलेली असली तरीही.

विंडोजवर 'नेटस्टॅट' या आज्ञेला 'ई' हा पर्याय जोडला, की हा हिशेब पडद्यावर येतो. किती बाइट आले-गेले, किती पुडकी आली-गेली, किती टाकून दिली, किती चुकली. मात्र नुसता आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. संगणक चालू झाल्यापासूनची ती बेरीज असते. एक कोटी पुडक्यांत दहा चुका म्हणजे दुर्लक्ष करावे अशी गोष्ट; एक लाखात हजार म्हणजे वायर बदलण्याची वेळ. म्हणून आकडा एकदा टिपावा, दहा मिनिटे नेहमीचे काम करावे, पुन्हा टिपावा आणि वजाबाकी पाहावी. जुन्या यंत्रणांतील काही मोजणी-खाती तर सुमारे ४२९ कोटींपर्यंत पोहोचली की पुन्हा शून्यापासून सुरू होतात. पूर्ण वेगाने धावणाऱ्या गिगाबिट जोडणीवर बाइटचे असे खाते अवघ्या ३४ सेकंदांत भरते, तेव्हा 'वापर कमी झाला' असा निष्कर्ष जपूनच काढावा.

'टाकून दिलेली' आणि 'चुकलेली' ही सदरे एक नव्हेत. पहिल्यात वायरीचा दोष क्वचितच असतो. संगणकाला उसंत नसल्याने किंवा पुडके त्याच्या कामाचे नसल्यानेही ते टाकले जाते. दुसरे सदर वाढू लागले, की वायर, तिच्या टोकाचा प्लग आणि स्विचचे छिद्र यांच्यावर संशय घ्यावा. उंदराने कुरतडलेली वायर, विजेच्या तारेला लगटून नेलेली वायर, शंभर मीटरची मर्यादा ओलांडलेली वायर आणि तांब्याचा नुसता मुलामा दिलेली स्वस्त ॲल्युमिनियमची वायर, ही नेहमीची कारणे.

'पिंग करून पाहिले, सगळे ठीक आहे,' या वाक्यावरही विसंबू नये. पिंगचे पुडके जेमतेम ७४ बाइटचे. सातबाऱ्याची फाइल येते ती दीड हजार बाइटच्या पुडक्यांतून, म्हणजे वायरीवरच्या खरखरीला सापडण्याची शक्यता वीसपट.

सर्वांत फसवा दोष वायरीचा नसतोच. जोडणीच्या एका टोकाला 'एकाच वेळी बोला आणि ऐका' अशी सक्ती कोणीतरी हाताने करून ठेवलेली असते. दुसरे टोक आपोआप जुळवून घेऊ पाहते, त्याला उत्तर मिळत नाही आणि ते 'एका वेळी एकानेच बोलावे' या जुन्या शिस्तीवर येते. मग हे दुसरे टोक बोलता बोलता समोरचा बोलू लागल्याचे पाहून मध्येच थांबते आणि तुटलेले पुडके पलीकडे चूक म्हणून नोंदले जाते. एका बाजूच्या खात्यात चुका, दुसऱ्या बाजूच्या खात्यात उशिरा झालेल्या टकरी, अशी जोडी दिसली की निदान जवळजवळ पक्के समजावे. गंमत अशी, की काम थोडे असताना सारे सुरळीत चालते. सकाळी नऊला पान झटकन उघडते, अकराला रांग लागली की अडते. 'सर्व्हरवर लोड आहे' असे वाटायला याहून चांगला पुरावा कोणता?

या हिशेबालाही मर्यादा आहे. कार्ड स्वतःपर्यंत पोहोचलेल्या पुडक्यांचेच गणित तपासू शकते. पाठवलेली पुडकी स्विचच्या दाराशी बिघडली तर ती नोंद स्विचकडे असते, आणि स्वस्त स्विच ती दाखवत नाहीत. तेथे वायर आणि छिद्र बदलून पाहणे एवढाच उपाय उरतो. खात्यातील चुका दहा मिनिटांत एकानेही वाढल्या नाहीत, वायर बदलूनही फरक पडला नाही, तर संशय भिंतीबाहेर न्यावा: आधी राउटर, मग इंटरनेट पुरवणारी कंपनी, आणि त्यानंतर सर्व्हर. कंपनीकडे तक्रार नोंदवताना दोन्ही वेळचे आकडे आणि घड्याळातील वेळ लिहून दिली, म्हणजे 'तुमच्याच संगणकात दोष असेल' हे उत्तर देणे त्यांना अवघड जाते.