जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही घेताय? एनओसीच्या आधी गाडीखालचा थेंब बघा

बेळगाव : बेळगावची गाडी कोल्हापुरात, कोल्हापूरची गोव्यात आणि गोव्याची परत बेळगावात, असा जुन्या गाड्यांचा व्यवहार सीमाभागात नेहमीचाच. त्यात आता ऑटोमॅटिक एसयूव्हींची भर पडली आहे. घाटात क्लच दाबत बसायला नको, म्हणून लोक हौसेनं घेतात. इंजिन ऐकतात, एसी लावून बघतात, टायर दाबतात. गिअरबॉक्समधून तेल गळतंय का, हे बघायला मात्र फार थोडे जण खाली वाकतात.

राज्य बदलताना ही चूक जास्त महाग पडते. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. एकदा एनओसी निघाली, नव्या राज्याचा रोड टॅक्स भरला, की गाडी परत करण्याची वाट जवळपास बंद होते. म्हणून तपासणी कागद हलण्याआधीच झालेली बरी.

हे तेल इतकं महत्त्वाचं का?

साध्या गिअरमध्ये तेलाचं मुख्य काम दातांना वंगण देणं. ऑटोमॅटिकमध्ये तेलच गाडी ओढतं म्हटलं तरी चालेल. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढं जाते, तेलाच्या दाबानं आतल्या क्लचप्लेटा आवळल्या जातात आणि तयार होणारी उष्णताही तेलच कूलरपर्यंत नेतं. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, प्लेटा घसरतात आणि जळतात. मग दुरुस्ती सीलची राहत नाही, सगळा गिअरबॉक्स उघडावा लागतो.

आणखी एक गोष्ट. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, गिअरबॉक्सचं तेल तसं जळून संपत नाही. ते कमी झालंय म्हणजे कुठून तरी गेलंय. "सीलबंद आहे, बघायची गरज नाही," असं विकणारा म्हणाला तरी हे विसरू नये.

थेंब कशाचा?

रात्री गाडी सपाट जागी लावून खाली मोठा पांढरा पुठ्ठा सरकवावा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनानं लिहून ठेवाव्यात. सकाळी डाग बघावा.

- लाल किंवा गुलाबी, बोटाला निसरडा : बहुधा ऑटोमॅटिकचं तेल. जुनं झालं की तपकिरी होतं. जळका वास आला तर आतल्या प्लेटांवर शंका घ्यावी.
- काळा किंवा मधासारखा : इंजिन ऑइल.
- हिरवा, नारिंगी किंवा गुलाबी, पण पाण्यासारखा पातळ : कूलंट. पाण्यात टाकला तर मिसळतो, तेल मात्र वर तरंगतं.
- स्वच्छ पाणी : एसीचं. काळजी नको.

इथं दोन ठिकाणी फसगत होते. बऱ्याच गाड्यांत पॉवर स्टिअरिंगलाही हेच लाल तेल वापरतात, म्हणून आधी स्टिअरिंगच्या टाकीतली पातळी बघावी. दुसरं म्हणजे प्रत्येक ऑटोमॅटिकचं तेल लाल नसतं. सीव्हीटीचं तेल पुष्कळदा हिरवट किंवा पिवळसर असतं. गाडीच्या पुस्तकात कोणतं तेल लिहिलंय, ते वाचावं.

आपल्याकडं तिसरी अडचण लाल मातीची. खानापूर, चोर्ल्याकडं फिरलेल्या गाडीचं पोट तसंही लालच असतं. पांढऱ्या कपड्यानं पुसून दोन बोटांत चोळावं. माती खरखरते, तेल घसरतं.

गळती कुठून?

थेंब पडतो तिथंच गळती असते असं नाही. चालत्या गाडीत वारा तेल मागं ढकलतो. म्हणून ओला भाग सापडला की त्याच्या वर आणि पुढं शोधत जावं. सगळ्यात उंच आणि सगळ्यात पुढची ओली जागा हाच उगम.

चेंबरच्या कडेनं ओल असेल तर पॅकिंग किंवा ड्रेन प्लग. रेडिएटरकडं जाणाऱ्या नळ्यांच्या जोडावर असेल तर कूलर पाइप. ही कामं तुलनेनं सोपी. चाकाकडं जाणाऱ्या अॅक्सलच्या किंवा प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी ओल असेल तर तिथलं ऑइल सील. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून लाल तेल टपकत असेल तर पुढचं सील गेलेलं असण्याची शक्यता जास्त. सील स्वस्त असतं, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खरा खर्च मजुरीचा होतो. त्याच सांध्यातून काळं तेल आलं तर दोष इंजिनाच्या मागच्या सीलचा.

तेल दुधट गुलाबी दिसलं तर व्यवहार तिथंच थांबवावा. रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरल्याची ती खूण आहे.

गाडी धुऊन आणली असेल तर

नुकतंच धुतलेलं पोट काहीच सांगत नाही. अर्धा तास चालवावी, शक्य तर चढावर न्यावी, कारण तेल गरम होऊन दाब वाढला की लपलेली गळती दिसते. मग रॅम्पवर चढवून बघावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. तरीही उगम सापडला नाही तर मेस्त्री तेलात चमकणारा रंग टाकून यूव्ही दिव्यानं शोधू शकतो.

चालवताना लक्ष ठेवावं : डी किंवा आर टाकल्यावर गाडी उशिरा हलते का, आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही असं होतं का, गिअर बदलताना धक्का बसतो का.

बऱ्याच नव्या गाड्यांत या तेलाची डिपस्टिकच नसते. गाडी सपाट ठेवून, इंजिन चालू असताना, कंपनीनं सांगितलेल्या तापमानाला प्लग उघडून पातळी बघावी लागते. हे काम माहितगार गॅरेजकडूनच करून घ्यावं. अंदाजानं जास्त तेल भरलं तर ते ब्रीदरमधून बाहेर येतं आणि नवीच गळती असल्यासारखं दिसतं.

मग घ्यायची की सोडायची?

चेंबरचं पॅकिंग किंवा पाइप गळतोय, तेल लाल आहे, गिअर गुळगुळीत पडतात : दुरुस्ती विकणाऱ्यानं करून द्यावी किंवा तेवढी रक्कम कमी करावी, आणि तसं करारपत्रात लिहून घ्यावं. तेल जळकं आहे आणि गिअर घसरतोय : नुसतं सील बदलून ती गाडी सुधारणार नाही. अशा गाडीची किंमत गिअरबॉक्सचा खर्च धरूनच लावावी, नाहीतर दुसरी बघावी.