घरच्या बागेंतील सोनचाफा

शेत गांवाकडे आणि बिऱ्हाड शहरांत, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची स्थिति आहे. नागपुरांतील गांधीबागेसारख्या दाट वस्तींत घरामागें दहा-बारा हात मोकळी जागा मिळाली, कीं तेथें सोनचाफा लावण्याची हौस होते. रोप आणावें, पहिल्या पावसाळ्यांत तें तरारावें आणि दुसऱ्या वैशाखांत वाळून जावें, हा अनुभवही तितकाच सार्वत्रिक आहे. यांत दैवाचा दोष नाहीं. महसुलाच्या कामांत जमिनीची प्रत पाहिल्यावांचून आकार ठरवीत नाहींत. बागेंतही तोच न्याय लावावयास पाहिजे.

चाफा या एका नांवाखालीं आपण अनेक निरनिराळीं झाडें मोजतों. देवळापुढील पांढरा चाफा मूळचा अमेरिकेचा. नागचाफा व हिरवा चाफा यांचीं कुळें अगदीं वेगळीं. सोनचाफा, कवठी चाफा व हिमचंपा हीं मात्र सख्खीं भावंडें असून शास्त्रज्ञ त्यांस मॅग्नोलिया म्हणतात. लिनियस यानें १७५३ सालीं सोनचाफ्यास मिशेलिया या स्वतंत्र वर्गांत घातलें होतें. पुढें तो वर्ग मॅग्नोलियांतच मिळविण्यांत आला.

सह्याद्रि व पूर्व हिमालय येथील ओलसर अरण्यांत सोनचाफा आपोआप वाढतो. तेथील माती खोल, पालापाचोळ्यानें भुसभुशीत, किंचित् आम्ल व निचऱ्याची असते. आमच्याकडील काळी जमीन चिकण व बहुधा चुनखडीची. ती पावसाळ्यांत पाणी धरते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. जुन्या वाड्यांच्या अंगणांत पडक्या भिंतींचा चुनाही मिसळलेला असतो. चुन्यामुळें झाडास जमिनींतील लोह घेतां येत नाहीं. कोवळीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही तहान समजून लोक अधिक पाणी घालतात, आणि मुळें कुजून झाड हातचें जातें.

म्हणून उन्हाळ्यांतच तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून चुना-विटांचे तुकडे वेंचून काढावे. त्यांत दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलें शेणखत, एक भाग पानांचें खत व थोडी निंबोळी पेंड घालावी. राख घालूं नये. तिचा गुण चुन्यासारखाच आहे. खड्डा जमिनीपेक्षां वीतभर उंच भरावा, म्हणजे बुंध्याशीं पाणी सांचत नाहीं. मृगाचे एक-दोन पाऊस झाल्यावर लागण करावी. मुळें मांसल व नाजूक असल्यामुळें मातीचा गड्डा फुटूं देऊं नये, व एकदां लावलेलें झाड हलवूं नये.

बियांचें रोप स्वस्त पडतें, परंतु फुलावयास सात-आठ वर्षें घेतें. कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षींच फुलूं लागतें. वसईकडील बागाईतदार मुंबईच्या बाजारासाठीं कलमी चाफाच लावतात. कलम म्हणून बियांचें रोप माथीं मारलें जाण्याची भीति असते. यास्तव बुंध्यावरील जोड डोळ्यांनीं पाहूनच पैसे द्यावे. जोडाखालीं फुटणारे धुमारे काढीत जावें. बीच पेरणें असेल, तर तांबडा गर धुऊन तें ताजेंच पेरावें. वाळवून ठेवलेलें बी लवकर निकामी होतें.

नागपुरास पारा ४५ अंशांच्या वर जातो. सबब पहिले दोन उन्हाळे पश्चिमेकडून तट्ट्याचा आडोसा करावा आणि बुंध्याभोंवतीं पालापाचोळ्याचें आच्छादन घालावें. पाणी सकाळीं, वरची माती सुकल्यावरच द्यावें. पानें पिवळीं पडल्यास एक लिटर पाण्यांत ५ ग्रॅम हिराकस व थोडा लिंबाचा रस मिसळून सायंकाळीं फवारावें. चुनखडीच्या जमिनींत घातलेला हिराकस बहुतेक वायां जातो.

झाड पुढें मोठें होतें; म्हणून तें भिंतीपासून दहा फूट दूर असावें, व बहर ओसरल्यावर शेंडा छाटून हाताच्या टप्प्यांत ठेवावें. इतकी जागा नसल्यास कवठी चाफा लावावा. तो झुडूपवजा असून थोड्या सावलींतही वाढतो आणि त्याची पांढरी फुलें रात्रीं दरवळतात.

वस्ती वाढत जाऊन अंगणें आकुंचित होत आहेत. उरलेल्या चार हात जागेंत जें लावावयाचें, तें टिकेल असें लावावें. नीट लागलेला सोनचाफा लावणाऱ्याच्या नातवंडांसही ओंजळभर फुलें देतो.