दुसरं विमान हळू उडणारं हवं

पहिलं रेडिओ-कंट्रोल विमान सगळे विचारून घेतात. दुकानदाराला विचारतात, आधीपासून उडवणाऱ्याला विचारतात, आणि सगळीकडून एकच उत्तर मिळतं: पंख वर असलेला, हलका, साधा ट्रेनर. दुसऱ्या विमानाच्या वेळी मात्र कुणी विचारत नाही. तोवर हात बसलेला असतो, उतरताना पंखाचं टोक जमिनीला घासत नाही, आणि डोळ्यांसमोर सारखं मस्टँग नाहीतर स्पिटफायर येत असतं. मग विकत घेतलेलं ते देखणं लढाऊ विमान कपाटावर तुकड्यांत पडून राहतं आणि त्याच्याबरोबर छंदही. अशी कपाटं मी अनेक घरांत पाहिली आहेत, आणि दर वेळी वाईट वाटलं आहे, कारण त्या घरांतल्या मुलांचे हात चांगले होते. निवड चुकली होती.

माझं मत आता पक्कं झालं आहे. दुसरं विमान किती जोरात जातं हे विचारू नये. ते किती हळू उडू शकतं, आणि त्याहून हळू झालं की काय करतं, एवढं विचारावं.

आम्ही उडवतो तो माळ माण-खटावच्या पट्ट्यात आहे. पावसाळा सोडला की कुसळी गवत, मुरूम आणि मोकळं आभाळ. सकाळी नऊपर्यंत वारा पडलेला असतो. नंतर जमीन तापते आणि हवा खालीवर व्हायला लागते. मेंढरं आली की विमान उतरवायचं आणि कळप पार जाईपर्यंत थांबायचं, हा तिथला नियम. गेल्या हिवाळ्यात डिप्लोमा करणारा एक मुलगा तिथे नियमित यायला लागला. पुण्यात शिकताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये त्याला एरोमॉडेलिंगची गोडी लागली होती. स्वतः बनवलेला ट्रेनर तो व्यवस्थित उडवायचा, आणि एका सकाळी त्यानं अपेक्षित प्रश्न विचारलाच.

"सर, आता मस्टँग घेऊ का?"

मी त्याला विमान उंच न्यायला सांगितलं. "आता डावीकडे चांगलं तिरकं कर आणि दांडी सोडून दे."

त्यानं अंगठे उचलले. विमान थोडं घसरलं, मग खालचा पंख हळूहळू वर आला आणि विमान पुन्हा सरळ चालू लागलं.

"हे वळण कुणी संपवलं?"

तो हसला. "विमानानंच."

ट्रेनरची खुबी यातच आहे. त्याचे दोन्ही पंख टोकाकडे वर उचललेले असतात. विमान एका बाजूला कललं की त्या बाजूला घसरतं, खालच्या पंखाला हवा जास्त कोनातून भेटते, त्याची उचल वाढते आणि तो आपोआप वर येतो. पंखाचा खालचा भाग सपाट असल्यानं थ्रॉटल वाढवलं की विमान स्वतःहून चढतं आणि कमी केलं की शांतपणे उतरायला लागतं. शिकणाऱ्याला जे येत नाही ते विमान करून देतं. दुसऱ्या विमानानं यातलं थोडंसं काढून घ्यायला हवं, म्हणजे तेवढं उडवणाऱ्याच्या हाताला शिकावं लागेल. सगळं एकदम काढून घेणारं विमान काहीच शिकवत नाही, कारण ते शिकवण्याइतका वेळ हवेत राहतच नाही.

विमान उतरल्यावर आम्ही वहीत हिशोब मांडला. पंखाची लांबी गुणिले रुंदी, म्हणजे क्षेत्रफळ, आणि विमानाचं उडतानाचं वजन भागिले ते क्षेत्रफळ. त्याच्या ट्रेनरचा पंख १४० सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद, म्हणजे २८ चौरस डेसिमीटर. वजन बॅटरीसकट एक किलो. दर चौरस डेसिमीटरवर साधारण ३६ ग्रॅम भार. त्याला हवं असलेलं मस्टँग मीटरभर पंखाचं, पंखाची सरासरी रुंदी १६ सेंटीमीटर आणि वजन ११०० ग्रॅम. भार ६९ ग्रॅम.

"जवळपास दुप्पट," तो म्हणाला.

हवेत तरंगत राहायला लागणारा किमान वेग या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ट्रेनर ताशी २७ किलोमीटरच्या आसपास उडता राहत असेल तर ते मस्टँग ३७ च्या खाली गेलं की पडणार. दहा किलोमीटरचा फरक वहीत लहान दिसतो. पण जमिनीवर आपटताना वेगाचा वर्ग मोजला जातो, त्यात वजनही थोडं जास्त. म्हणजे धक्का दुपटीहून अधिक. मोठ्या विमानांना हा भार जास्त चालतो, त्यामुळे अशी तुलना एकाच मापाच्या विमानांत करावी. खोक्यावर पंखाची लांबी आणि वजन छापलेलं असतं. रुंदी मोजली की दुकानातच मोबाइलवर हा भागाकार करता येतो, आणि प्रत्येकानं तो करावाच.

भारापेक्षाही मला पंखाचा आकार महत्त्वाचा वाटतो. मस्टँग, स्पिटफायर यांचे पंख टोकाकडे अरुंद होत जातात. प्रतिकृती लहान असली की ते टोक इतकं अरुंद होतं की तिथली हवा आधी सुटते, आणि मुळाशी पंख अजून काम करत असतानाच एका बाजूचं टोक दगा देतं. यालाच टिप स्टॉल म्हणतात. विमान आधी काही सांगत नाही. एकदम एका कुशीवर पडतं, आणि तेही बहुतेक वेळा उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात, कारण तिथेच आपण वेग कमी केलेला असतो आणि वळण पुरं करायला नाक वर उचलणारा एलिव्हेटर ओढत असतो. उंची वीस-पंचवीस फूट. सावरायला जागा नाही. काही कंपन्या टोकाला किंचित खाली पीळ देऊन हा दोष कमी करतात, पण छायाचित्रावरून तो पीळ ओळखता येत नाही.

याउलट मुळापासून टोकापर्यंत सारख्या रुंदीचा आयताकृती पंख मुळाशी आधी हार मानतो. टोकाची हवा टिकून असते, विमान तिरकं-सरळ करणारे आयलेरॉन चालत राहतात, नाक हळूच खाली जातं आणि वेग परत येतो. दिसायला हा पंख पाटासारखा. दुसऱ्या विमानासाठी मी तोच सुचवतो.

इथे पायपर कबबद्दल सांगायलाच हवं, कारण ते पिवळं गोड विमान अनेकांना फसवतं. पंख वर, चेहरा गरीब, त्यामुळे ते ट्रेनरचंच भावंड वाटतं. प्रत्यक्षात नुसता आयलेरॉन दिला की त्याचं नाक उलट बाजूला ओढलं जातं, म्हणून प्रत्येक वळणात शेपटीवरच्या रडरची साथ द्यावी लागते. उड्डाण घेताना ते डावीकडे पळतं आणि उतरल्यावर स्वतःभोवती गिरकी घेऊ पाहतं. कब सुंदर आहे, पण ते तिसरं विमान असावं.

आम्ही निवडलं ते अग्ली स्टिक. फिल क्राफ्ट या अमेरिकन मॉडेलरनं साठच्या दशकात हा आराखडा काढला. हाच क्राफ्ट १९६७ साली एरोबॅटिक्सचा जगज्जेता झाला, आणि त्याच्या नावाचे रेडिओ त्या काळी नावाजलेले होते. म्हणजे देखणं आणि वेगवान विमान काढणं त्याला चांगलंच येत होतं. तरी त्यानं हे काढलं: लांब चौकोनी खोक्यासारखं धड, वर जाड आयताकृती पंख, पंखभर लांबीचे आयलेरॉन, आणि सजावट म्हणून पहिल्या महायुद्धातल्या जर्मन विमानांसारखे काळे क्रॉस. पंख टोकाकडे वर उचललेला नाही आणि वर-खाली सारखाच फुगीर आहे. म्हणून ते तिरकं केलं की तिरकंच राहतं, आणि उलटं केलं तरी जवळपास तितक्याच खुशीनं उडतं. पंख रबर बँडनं बांधलेला असतो. आपटलं तर बँड सुटतात आणि पंख सरकतो, मोडत नाही. दुसऱ्या विमानात हा गुण सोन्यासारखा आहे.

मुलाचा चेहरा थोडा पडला, हे खरं. मस्टँगची जागा खोक्यानं घेतली होती. पण बनवायला बसल्यावर तो रमला. पंख १२० बाय २३, धड डेप्रॉन या हलक्या फोमचं, पंखातून कार्बनची पोकळ नळी, जोडण्यांना सायकलच्या चाकाच्या तारा. त्यानं आधी आणलेला सनबोर्ड मी परत पाठवायला लावला. तो पीव्हीसीचा तक्ता मजबूत दिसतो, पण डेप्रॉनच्या कितीतरी पट जड असतो. ग्लू गनचाही हात आखडता ठेवला. एकतर तो डिंक वजन वाढवतो, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत मऊ पडतो. मोटार बसवलेली फळी त्याच्या भरवशावर ठेवू नये. शेपटीकडे मी सर्वांत जास्त लक्ष देतो. तिथे १० ग्रॅम वाढले की तोल साधायला नाकात २५-३० ग्रॅम भरावे लागतात, आणि मग वहीतला हिशोब बिघडतो. त्याचं विमान ११५० ग्रॅमला थांबलं. भार ४२, किमान वेग साधारण २९. ट्रेनरपेक्षा एक पायरी वर, एवढंच.

जायरोबद्दल तो विचारत होता. हल्लीच्या तयार विमानांत स्वतः सरळ करणारा जायरो येतो आणि वाऱ्यात त्याची मदतही होते. पण तो चालू ठेवून उडवलेलं दुसरं विमान म्हणजे पुन्हा ट्रेनरच. असलाच तर उंचावर गेल्यावर बंद करावा. रिमोटमध्ये एक्स्पो ठेवावा, म्हणजे दांडीच्या मधल्या भागात हालचाल सौम्य राहते.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी त्यानं पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेसहा सेंटीमीटरवर पेननं खुणा केल्या. बॅटरी आत, सगळं बंद, आणि खुणांखाली फक्त दोन बोटं. विमान बोटांवर उचललं तर शेपटी खाली गेली. बॅटरी पुढे सरकवली, समतल. अजून थोडी पुढे. नाक किंचित झुकलं. तिथे आम्ही बॅटरी पट्ट्यानं आवळली. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं, शेपटी जड असलेलं विमान बहुधा एकदाच उडतं.

वाऱ्याच्या तोंडावर धावताना विमान डावीकडे ओढलं गेलं, त्यानं थोडा उजवा रडर दिला आणि ते सुटलं. ट्रिम लावून झाल्यावर दोनशे फुटांवर मी सांगितलं, "थ्रॉटल बंद. एलिव्हेटर ओढत रहा. घाबरू नकोस." नाक वर गेलं, आवाज संपला, विमान हवेत चिखलातून चालल्यासारखं जड झालं. मग नाक खाली. पंख दोन्ही बाजूंनी सारखे. कुठेही झेप नाही, गिरकी नाही. "पुन्हा कर," मी म्हणालो, आणि त्यानं ते पुन्हा पुन्हा केलं, कारण उतरताना याच हालचालीच्या अलीकडे थांबायचं असतं आणि ती जागा अंगठ्याला माहीत हवी.

नंतर त्यानं विमान तिरकं करून दांडी सोडली. ते तिरकंच राहिलं, वळत राहिलं, नाक खाली जाऊ लागलं. "सर, हे येत नाही परत!" "तू आण." समोरून आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटतं, तेव्हा त्याला एकच खूण दिली होती: जो पंख खाली दिसतोय त्या बाजूला दांडी. ट्रेनरवर ही खूण पाठ असून चालतं. इथे ती हातात उतरावी लागते.

उतरताना त्यानं ट्रेनरच्या सवयीनं लांबूनच थ्रॉटल बंद केलं आणि विमान भराभर खाली येऊ लागलं. "थोडं ठेव." पाव थ्रॉटल. नाकाचा कोन एलिव्हेटरवर, खाली येणं थ्रॉटलवर, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर आल्यावरच मोटार बंद. मोठी चाकं कुसळांत खडखडत थांबली. शेपटीला चाक असलेली रचना आम्ही मुद्दाम घेतली होती. नाकाखालचं चाक मुरमाच्या खड्ड्यात अडकतं आणि त्याचा पाय वाकतो.

दुसऱ्या विमानाबरोबर जागाही निवडावी लागते, कारण त्याला जास्त लांब आणि मोकळी जमीन हवी. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदाची मॉडेल विमानंही येतात. ती नजरेच्या टप्प्यात ठेवायची, हिरव्या विभागात ४०० फुटांच्या आत, आणि विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या आत. घराजवळचं मैदान कोणत्या विभागात येतं ते सरकारी नकाशावर आधी पाहावं.

उन्हाळ्यात तो मुलगा ट्रेनरमधली मोटार, सर्वो आणि रिसीव्हर काढून पुढच्या विमानात घालायला निघाला होता. मी थांबवलं. सुटे भाग महाग पडतात हे मान्य, पण ट्रेनर उडता ठेवावाच. जून ते सप्टेंबर माळावर जाता येत नाही. दसऱ्याच्या सुमारास जमीन कोरडी पडली की अंगठे जड झालेले असतात, लायपो बॅटऱ्या महिनोन् महिने पडून असतात, रबर बँड वाळलेले असतात. त्या दिवशी नवे बँड लावून आधी ट्रेनर उडवायचा, निवांत दोन-तीनदा उतरवायचा, आणि मग स्टिकला बॅटरी लावायची.