जिवाच्या मोलाने सुटका

अकोला, खामगाव, अमरावती या वऱ्हाडी पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं. इथल्या अलायन्स मंडळ्यांमधून प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा प्याला फिरतो, तेव्हा आठवण केली जाते ती एका देण्याची: येशूने क्रुसावर दिलेल्या जिवाची.

मार्कच्या शुभवर्तमानात (१०:४५) येशू सांगतो, की तो सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला आहे. त्या काळी युद्धकैदी किंवा गुलाम पैसे भरून सोडवले जात. सावकाराकडे गहाण पडलेलं वावर दुसऱ्याच कुणी पदरचं भरून सोडवावं, तसंच हे. माणूस पापाच्या आणि मरणाच्या ताब्यात आहे, स्वतःची किंमत तो स्वतः भरू शकत नाही, ही यामागची श्रद्धा.

मग ही किंमत पोचली कुणाला? ख्रिस्ती धर्मपंडितांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली. तिसऱ्या शतकातल्या ऑरिजेनने सैतानाचं नाव घेतलं. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला ते मुळीच पटलं नाही; लुटारूला मोबदला कसला? पुढे अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्मने मांडलं, की पापाने देवाचा मान भंगला आणि ख्रिस्ताने त्याचीच भरपाई केली. मला ग्रेगरीची हरकत सर्वांत मोलाची वाटते. पैसे कुणाच्या हाती पडले याचा हिशेब बायबल देत नाही. सोडवणाऱ्याने काय गमावलं, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगतं.