घटपर्णीचे गोत्र कोणते?

वडनेर (जि. वर्धा) : हिंगणघाटहून पांढरकवड्याकडे जाताना लागणाऱ्या वडनेरच्या शिवारात कपाशी फुलली, की तिचे फिकट पिवळे फूल पाहून परसातल्या भेंडीची आठवण व्हावी. अंबाडीचे फूलही त्याच वळणाचे. पाच पाकळ्या आणि मधोमध नळीसारखे जुळलेले पुंकेसर. कपाशी, भेंडी आणि अंबाडी एकाच कुळातील आहेत, हे वनस्पतिशास्त्राचे पुस्तक न उघडताही शेतकऱ्याला पटते. पानाच्या आकारावर न भुलता फुलावरून नाते ओळखावे, हा वर्गीकरणाचा जुना दंडक येथे अचूक लागू पडतो. मात्र शालेय पुस्तकातील चित्रामुळे बहुतेकांना ठाऊक असलेल्या एका वनस्पतीपुढे या दंडकाने शंभर वर्षांहून अधिक काळ हात टेकले होते. ती म्हणजे कीटकभक्षी घटपर्णी.

घटपर्णीचा घट म्हणजे फूल नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. पानाची मधली शीर टोकापुढे वाढत जाऊन तिचा ताणा होतो आणि त्या ताण्याच्या अग्रभागी सुरईसारखे पात्र तयार होते. पात्राच्या तोंडावर झाकण असते. पण कीटक आत शिरताच ते झाकण मिटते, ही समजूत चुकीची आहे. एकदा उघडलेले झाकण पुन्हा बंद होत नाही. त्याचे काम मुख्यत्वे पावसाचे पाणी अडविण्याचे. शिकार होते ती काठावर. मधुरसाच्या ओढीने आलेली मुंगी त्या ओलसर, गुळगुळीत कडेवरून घसरते, आतील मेणचट भिंतीवर तिचे पाय ठरत नाहीत आणि तळाच्या पाचक द्रवात तिचा शेवट होतो. केरळमधील पालोड येथील जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये दाखवून दिले, की अतिनील किरणांत या घटाची कड निळसर चमकते. कीटकांना बोलावण्याचा हा आणखी एक मार्ग असावा.

एवढी विलक्षण रचना पाहिल्यावर असे घट असणाऱ्या साऱ्या वनस्पती एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असाव्यात, असे वाटणे स्वाभाविक होते. जगात घट धारण करणारे तीन प्रमुख गट आहेत. आशियातील नेपेंथिस, अमेरिकेतील सारासेनिया आणि तिचे सोबती, आणि ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील इवलासा सेफॅलोटस. जर्मन वर्गीकरणकार एंग्लर यांच्या पद्धतीत नेपेंथिस, सारासेनिया आणि चिकट केसांनी कीटक धरणारी ड्रोसेरा ही तीन कुले एका गणात बसविली गेली. बेंथम आणि हूकर यांनी मात्र (1862 ते 1883) या तिघींना तीन दिशांना पाठविले. नेपेंथिसला त्यांनी पाकळ्या नसलेल्या फुलांच्या समूहात टाकले. आपल्याकडील बी.एस्सी.च्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या हीच पद्धत शिकविली गेली.

गंमत अशी, की यातले जोसेफ हूकर हे घटपर्णीचे साधेसुधे अभ्यासक नव्हते. 1850 मध्ये त्यांनी खासी टेकड्या पालथ्या घातल्या होत्या. भारतात आढळणाऱ्या एकमेव घटपर्णीला 1873 मध्ये ‘नेपेंथिस खासियाना’ हे शास्त्रीय नाव त्यांनीच दिले आणि घटातील द्रव अंड्याचा पांढरा भाग व मांस पचवितो, हे 1874 मध्ये बेलफास्ट येथील विज्ञान परिषदेत त्यांनीच मांडले. ‘नेपेंथिस’ हे प्रजातीचे नाव त्याआधी लिनियस यांनी दिले होते. होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यात हेलन मद्यात जे दुःखहारक औषध मिसळते, त्यावरून ते आले आहे.

उत्तर मिळाले ते फुलातून नव्हे, तर पेशीतून. 1992 मध्ये अल्बर्ट, विल्यम्स आणि चेस या शास्त्रज्ञांनी हरितलवकातील एका जनुकाची तुलना करून कीटकभक्षी वनस्पतींची वंशावळ मांडली. तीत तिन्ही घटधारी गट वेगवेगळ्या फांद्यांवर निघाले. आजच्या वर्गीकरणानुसार नेपेंथिस आणि ड्रोसेरा ‘कॅरिओफायलेल्स’ या गणात येतात. म्हणजे मुंग्या खाणारी ही घटपर्णी आपल्या ताटातील माठ, पालक आणि घोळ या भाज्यांची, तसेच कुंपणावरील बोगनवेल व निवडुंगाची दूरची नातलग ठरते! अमेरिकेतील सारासेनियाचा गण चहाचा आणि विदर्भाच्या जंगलातील मोहाचा. तर सेफॅलोटस आंबुशीच्या गोतावळ्यात. घट सारखा असला तरी गोत्र सारखे नाही. निकस जमिनीत नत्र मिळविण्याची अडचण एकच होती आणि तिच्यावरील तोडगा निसर्गाने निरनिराळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे शोधला. एंग्लर यांनी ड्रोसेरा व नेपेंथिस यांना जवळ ठेवले होते, तेवढा भाग मात्र बरोबर निघाला.

हा केवळ ग्रंथालयातला वाद आहे काय? तसे नाही. नेपेंथिस प्रजातीत पावणेदोनशेच्या आसपास जाती आहेत. त्यांपैकी केवळ दोन जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध घालणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. बोर्निओतील नेपेंथिस राजा ही एक आणि आपली खासियाना ही दुसरी. वन्यजीव संरक्षण कायद्यातही तिला स्थान आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वनस्पतींची ही यादी तिसऱ्या अनुसूचीत आली. याउलट शहरांतील रोपवाटिकांत टांगत्या कुंडीत विकली जाणारी घटपर्णी बहुधा आग्नेय आशियातील जातींचा, मुद्दाम वाढविलेला संकर असते. कुंडीवरच्या चिठ्ठीत मात्र दोघींचेही नाव ‘पिचर प्लँट’ एवढेच. जातीचे नेमके नाव ठाऊक नसेल, तर जंगलातून उपटलेले रोप आणि रोपवाटिकेत वाढविलेले रोप यांतला भेद ग्राहकाने ओळखावा कसा?

मेघालयात ती गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांच्या मोजक्या पट्ट्यांत उरली आहे. गारो लोक तिला ‘मेमांग-कोक्सी’ म्हणजे भुताची टोपली म्हणतात. दक्षिण गारो हिल्समधील बाघमारा येथे तिच्यासाठी खास अभयारण्य आहे. त्याचा विस्तार जेमतेम दोन-तीन हेक्टर, म्हणजे आपल्याकडील मध्यम शेतकऱ्याच्या वावराएवढा. खाणकाम, झूम शेती आणि हौशी संग्राहक या तिन्हींनी तिला घेरले आहे. त्यातच घटपर्णीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. एका उतारावरील चार वेली नेल्या आणि उरलेल्या साऱ्या एकाच लिंगाच्या निघाल्या, तर तेथे पुढे बी धरतच नाही.

वडनेरच्या काळ्या, कसदार मातीत घटपर्णी आपणहून उगवण्याचा प्रश्नच नाही. वर्धा जिल्ह्याचा मे महिनाही तिला सोसणारा नाही. घटपर्णी नसली, तरी तिच्या गोत्रातील ड्रोसेरा अर्थात दवबिंदू मात्र महाराष्ट्रात आहे. पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यातील ओलसर, निकस जागी आणि सह्याद्रीच्या कातळांवर पावसाळ्याच्या उत्तरार्धात लालसर केसांवर चिकट थेंब मिरविणारी ही रोपे बोटभर उंचीची असतात. खाली वाकल्याखेरीज दिसत नाहीत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर सप्टेंबरात निळ्या-जांभळ्या फुलांचा जो गालिचा पसरतो, त्यातील ‘सीतेची आसवे’ ही युट्रिक्युलेरियाही कीटकभक्षीच. तिचे गोत्र पुन्हा निराळे, तुळस आणि तिळाचे. तिचे सापळे मोहरीहूनही लहान, ओल्या मातीत दडलेले असतात. फुलाचे छायाचित्र टिपण्यासाठी पठारावर पाऊल टाकणाऱ्याच्या बुटाखाली नेमके तेच येतात.