फ्लॅशच्या फोटोत बाळाची एकच बाहुली पांढरी चमकली तर?

फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत डोळे लाल आले की आपल्याला फोटो बिघडला असं वाटतं. मग एडिटमध्ये जाऊन आपण ते काळे करतो. पण लहान मुलाच्या दोन्ही डोळ्यांत सारखा लाल रंग दिसणं ही खरं तर चांगली गोष्ट आहे. लक्ष द्यायचं ते एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा किंवा पिवळसर चमकत असेल तेव्हा.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. घर शिरूरला, मावशी दौंडला, नोकरी पुण्यात. त्यामुळे आमच्या फॅमिली ग्रुपवर बारसं, जावळ, पहिला वाढदिवस असे फोटो सारखे येत असतात. अशाच एका फोटोवर दौंडच्या मावसबहिणीने विचारलं, "दादा, पिल्लूचा एकच डोळा मांजरासारखा का चमकतोय? मोबाईल खराब झालाय का?" मोबाईल ठीक होता. फोटोचं काय ते पुढे येईलच, आधी हा रंग येतो कुठून ते बघू.

बाहुली म्हणजे डोळ्याला असलेलं भोक. एरवी ती काळी दिसते, कारण आत गेलेला प्रकाश आपल्याकडे परत येत नाही. मोबाईलचा फ्लॅश मात्र लेन्सला अगदी चिकटून असतो. अंधारात बाहुली मोठी झालेली असते, प्रकाश सरळ आत घुसतो, मागच्या पडद्यावर म्हणजे रेटिनावर आपटतो आणि त्यामागच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन आला त्याच वाटेने कॅमेऱ्यात परत येतो. वाटेत काही पांढरं आडवं आलं तर रंगही पांढराच येणार. ते जन्मजात मोतीबिंदू असू शकतं (हो, तो बाळांनाही होतो), पडदा सुटलेला असू शकतो, कोट्स नावाचा रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो. आणि क्वचित रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा कॅन्सर.

हा आजार साधारण १५ ते २० हजार बाळांमागे एकाला होतो, आणि बहुतेक वेळा वयाच्या पाच वर्षांच्या आत. दुर्मिळ आहे म्हणून सोडून द्यावं असा मात्र तो नाही. २०२० मध्ये १५३ देशांतल्या ४,३५१ मुलांचा एक मोठा अभ्यास आला. श्रीमंत देशांत निदानाच्या वेळी मुलाचं मीडियन वय होतं १४ महिने, गरीब देशांत ३० महिने. तोपर्यंत कॅन्सर शरीरात इतरत्र पसरलेला असण्याचं प्रमाण श्रीमंत देशांत अर्धा टक्काही नव्हतं, गरीब देशांत जवळपास १९ टक्के. आजार तोच, उशीर वेगळा. आणि घरच्यांना सर्वांत जास्त वेळा दिसलेलं पहिलं लक्षण कोणतं? हीच पांढरी बाहुली.

इथून गोष्ट आपल्या क्षेत्रात येते. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले ब्रायन शॉ हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या मुलाला रेटिनोब्लास्टोमा झाला. निदानानंतर त्यांनी घरचे जुने फोटो चाळले, तर बाळ १२ दिवसांचं असतानाच्या फोटोतही पांढरी चमक होती! मग त्यांनी सहकाऱ्यांसोबत 'व्हाइट आय डिटेक्टर' हे ॲप तयार केलं. कल्पना सोपी आहे: फोटोत चेहरा शोधायचा, मग डोळा, आणि मग बाहुलीचा रंग तपासायचा. पांढरं म्हणजे सॅच्युरेशन कमी आणि ब्राइटनेस जास्त, हे कुठल्याही फोटो एडिटरमध्ये खेळलेल्याला माहीत असतं. २०१९ मध्ये त्यांनी ४० मुलांच्या जवळपास ५३ हजार घरगुती फोटोंवर ॲप चालवून बघितलं. आजार असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांच्या फोटोंत ॲपला चमक सापडली, तीही निदानाच्या सरासरी १.३ वर्षं आधीच्या फोटोंत.

आता यातला दुसरा आकडा बघा. २० पैकी चौघं सुटलेच की. म्हणून "ॲपने काही दाखवलं नाही, म्हणजे डोळा ठीक आहे" असा अर्थ काढायचा नाही. गाठ लहान किंवा पडद्याच्या कडेला असेल तर फोटोत काहीच येत नाही.

आपलेच फोन हे लपवतात

मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही आहे. नाइट मोडमध्ये फोन फ्लॅश मारतच नाही, बरेच फोटो एकावर एक रचून उजेड तयार करतो. फ्लॅश नाही म्हणजे डोळ्यातून परत येणारा प्रकाशही नाही. रेड-आय करेक्शन लाल बाहुली काळी करून टाकतं, त्यामुळे दोन डोळ्यांतला फरक ओळखणं अवघड होतं. वर ब्यूटी फिल्टर. आणि व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो, मग ग्रुप फोटोत बाळाची बाहुली चार-पाच पिक्सेलची उरते. फोटो जितका 'छान', तितकी माहिती कमी.

नीट बघायचं असेल तर मंद उजेडाच्या खोलीत, मागच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश चालू आणि रेड-आय करेक्शन बंद ठेवून, तीन-चार मीटरवरून दोन-चार फोटो काढा. बाळाने कॅमेऱ्याकडे बघितलं पाहिजे. कोणाला दाखवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कॅमेऱ्याकडे बघण्यावर एवढा जोर का, तर पिल्लूमुळे. त्या फोटोत तो आजीकडे बघत होता, आणि चमकणारा डोळा नाकाच्या बाजूला वळला होता. डोळा असा साधारण १५ अंश वळला की फ्लॅशचा प्रकाश नेमका ऑप्टिक डिस्कवर, म्हणजे डोळ्याची नस सुरू होते त्या जागेवर पडतो. ती जागा मुळातच फिकट असते, त्यामुळे निरोगी डोळाही पांढरा दिसतो. पण हे मी फोटोवरून ठरवलं नाही. बहिणीने त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे नेऊन तपासून घेतलं, मग कळलं. आपण ॲंगल मोजत बसायचं आणि बाळाला घरी ठेवायचं, हे नको.

डॉक्टर औषधाचे थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि पूर्ण पडदा बघतात. शंका आली तर सोनोग्राफी आणि एमआरआय. इतर कॅन्सरसारखा सुई घालून तुकडा सहसा काढत नाहीत, कारण त्या वाटेने गाठीतल्या पेशी डोळ्याबाहेर येऊ शकतात. उपचारात लेझर, गोठवणं, केमोथेरपी असतं. काही वेळा डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला किरणोत्सारी चकती काही काळ शिवून ठेवतात. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशी रुथेनियम-१०६ची चकती देशातच बनवली आहे, आणि ते रुथेनियम मिळवलंय अणुभट्टीच्या कचऱ्यातून!

गाठ फार वाढली असेल तर डोळा काढावा लागतो. इथे घरचे अडतात, दुसरा सल्ला, तिसरा सल्ला, कोणाचं तरी गावठी औषध, आणि महिने जातात. डोळा काढला की नंतर कृत्रिम डोळा बसवता येतो. थांबलं तर प्रश्न डोळ्याचा राहत नाही, मुलाच्या जिवाचा होतो. हा आजार आनुवंशिक असू शकतो, म्हणून भावंडांचेही डोळे तपासतात.

शिरूर-दौंडकडच्यांनी कुठे जायचं? शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, तिच्या डॉक्टरांना फोटो दाखवून स्पष्ट सांगा, "फ्लॅशमध्ये एक डोळा पांढरा दिसतो." टीम यायला वेळ असेल तर वाट बघू नका. पडद्याच्या तपासणीसाठी पुण्यात ससून किंवा एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे, कॅन्सरच्या उपचारांसाठी परळचं टाटा मेमोरियल. खर्चाचं महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. बाळाचा डोळा तिरळा वाटत असेल तरीही दाखवा, हे दुसरं लक्षण आहे. जाताना मूळ फोटो फोनमध्येच असू द्या, एडिट केलेला नको.